लेखक शिबिर, धरमपेठ, नागपूर : फी भरण्याआधी हे वाचा

मी प्रुफं तपासते. भाचीची कादंबरी लिहून झाली म्हणून तिच्यासोबत या शिबिराला गेले. फी 2,500 रुपये. वेळ पाळली, माईक नीट होता. सल्ले मात्र नुकसान करणारे आहेत.

तिथे सांगतात ते असं : प्रकाशकाला रोज सकाळी फोन करा, म्हणजे नाव लक्षात राहतं. हस्तलिखितासोबत संत्राबर्फीचा डबा पाठवा. प्रस्तावना नगरसेवकाची घ्या. संपादकाला एक शब्द बदलू देऊ नका, पुस्तकाचा आत्मा जातो. कोणी हसलं नाही, सगळे वहीत उतरवून घेत होते. मला ते बघवेना.

करारात मुदत लिहू नका म्हणे, प्रकाशक बिचकतो. मुदत लिहिली नसेल तर 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क 5 वर्षांसाठी दिले असं धरतात. हे लेखकाला माहीत नको? आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, 6,000 रुपयांत काढून देऊ म्हणाले. तो क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून फुकट मिळतो, स्वतःचं पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही.

काटोलच्या एक काकू नवऱ्याच्या आठवणी लिहून घेऊन आल्या होत्या. त्यांना 1,000 प्रती छापायला सांगितलं, कारण जास्त छापल्या की प्रतीमागे खर्च उतरतो. उतरतो, पण गठ्ठे काकूंच्याच घरी येणार. विकायचे कुठे, यावर अवाक्षर नाही. डिजिटल छपाईत 50 प्रतीही निघतात, हेही सांगितलं नाही. मधल्या सुट्टीत काकू मला म्हणाल्या, "मॅडम, पोत मोडू का जी?" म्हणजे छपाईसाठी गळ्यातली पोत विकू का. मी त्यांची वही वाचली. संत्र्याचा मृग बहार (पावसाळी फुलोरा) धरायचा की अंबिया (हिवाळ्याअखेरचा), यावरून नवरा-बायकोचं भांडण त्यात इतकं जिवंत उतरलंय की माझा चहा थंड झाला. शुद्धलेखन कच्चं आहे, मधली पानं लांबली आहेत. संपादक हवाच, आणि नेमकं तेच करू नका असं त्यांना शिकवलं गेलं.

मी त्यांना म्हटलं, पोत राहू द्या. भांडणाचं प्रकरण वेगळं काढून एखाद्या दिवाळी अंकाला पाठवा. बर्डीवर विदर्भ साहित्य संघ आहे, 1923 सालचा, त्यांचं ‘युगवाणी’ हे नियतकालिक बघा. कुठे काय छापतात ते आधी वाचा, मग पाठवा.

आयएसबीएनसाठी घेतलेले पैसे लोकांना परत करा, असं मी आयोजकांना लेखी कळवलं आहे. शेवटी छपाईचा फॉर्म देतात, तो तिथेच बसून भरू नका. घरी आणा, कुणाला तरी दाखवा.