बारा नव्वांवर पास, चारावर नापास

डहाणू स्टेशनजवळच्या एका दुकानातून जूनमध्ये बारा आकडी टेबल कॅल्क्युलेटर घेतला. ४७० सांगितले, ४२० ला दिला. आमची चिकूची वाडी आहे. क्रेटची वजनं, मजुरी, टेम्पोचं भाडं हे सगळं माझ्याकडे.

घरी आणला तर नाना, म्हणजे माझे सासरे, गणिताचे निवृत्त मास्तर, म्हणाले, "सूनबाई, आधी बारा वेळा नऊ दाब."

९९९९९९९९९९९९. लाख कोटीला एक कमी. याहून मोठा पूर्णांक या पडद्यावर मावतच नाही. त्यात १ मिळवला की कोपऱ्यात 'ई' येऊन सगळं ठप्प.

"आता ७ ने भाग." १४२८५७१४२८५७. बाकी शून्य. मग ११, १३, ३७, सगळ्यांनी नि:शेष. ३७ ने भागल्यावर २७०२७०२७०२७ आलं आणि २७ ने भागल्यावर ३७०३७०३७०३७, तेव्हा मीच खुर्ची ओढून बसले. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. पुढे १०१ आणि ९९०१. नानांनी कॅलेंडरच्या मागे लिहून दाखवलं: २७ × ७ × ११ × १३ × ३७ × १०१ × ९९०१, झाली आपली संख्या. एकूण विभाजक २५६.

९९०१ वर त्यांचा विशेष जीव. १ ला ९९०१ ने भागलं की दशांशात बारा अंकांचा गट पुन्हा पुन्हा येतो, ०००१००९९९८९९, आणि बरोबर बाराचाच गट देणारी मूळ संख्या ही एकटीच. यंत्रावर मात्र ०.०००१००९९९८९ एवढंच दिसतं. पॉइंटआधीचा शून्य एक घर खातो, म्हणून शेवटचा ९ बाहेर राहतो. हा यंत्राचा दोष नाही, पण नानांना चुटपुट लागली.

वर्ग मात्र हातानेच करावा लागला: ९९९९९९९९९९९८ आणि त्यापुढे ०००००००००००१. मधोमध तोडून दोन्ही तुकड्यांची बेरीज केली की परत बारा नऊ. ४५ चंही तसंच, २०२५, म्हणजे २० अधिक २५. या कापरेकर संख्या. द. रा. कापरेकर देवळालीला शिक्षक होते, पण जन्म १९०५ चा, इथला डहाणूचाच. हे सांगताना नानांचा आवाज जरा चढतो.

आता कामाचं. आकडे मोठे, चष्म्याशिवाय दिसतात. '००' चं बटण सोयीचं. सोलरची पट्टी शोभेची असावी, हाताने झाकली तरी काही फरक पडत नाही. खारी हवा नि पावसाळा, तरी पडदा अजून स्वच्छ आहे.

पण चाराचं बटण! एकदा दाबलं की दोनदा उमटतं. २४ किलोचा क्रेट २४४ किलोचा झाला, आणि ते टेम्पोवाल्याने दाखवून दिलं. दुकानदार म्हणतो, वॉरंटी नाही. घेणार असाल तर काउंटरवरच सगळी बटणं दाबून बघा. आमच्या एवढ्या परीक्षेत ४ एकदाही दाबावा लागला नव्हता.