जर्मनीच्या व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट : नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पावसजवळच्या आमच्या हापूसच्या बागेचे पैसे वर्षातून एकदाच येतात. वाशीच्या दलालाकडून शेवटची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब आणि पैसे, हाती पडेपर्यंत जून उजाडतो. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्यामुळे आयकर विवरणपत्रात आमची ऐपत दिसत नाही, आणि सामाईक सातबाऱ्यावर चुलत्यांसह सतरा नावे असल्यामुळे जमिनीचा दाखला जोडूनही फारसे काही सिद्ध होत नाही. त्यामुळे लेकीला जर्मनीत पदव्युत्तर शिक्षणासाठी प्रवेश मिळाला, तेव्हा वर्षभराच्या खर्चाची सोय आहे हे वकिलातीला पटवायचे कसे, याचीच मला अधिक धास्ती होती.

ब्लॉक्ड अकाउंट हे विद्यार्थ्याच्याच नावाचे खाते असते. त्यात वर्षभराचा खर्च आधीच भरायचा आणि तिकडे पोहोचल्यावर तो ठरलेल्या मासिक हप्त्याने काढायचा. १ सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो, म्हणजे दरमहा ९९२ युरो आहे. तेथील सरकारी विद्यार्थी-साहाय्याच्या कमाल दराशी तो आकडा जोडलेला आहे. आमच्यासारख्यांना या पद्धतीचा फायदा असा, की पैसे आंब्याचे की पगाराचे, हे व्हिसाच्या अर्जात आम्हांला कोणी विचारले नाही; खाते भरल्याचा दाखला पुरला. शेजारच्या मुलाला ब्रिटनसाठी सलग २८ दिवस खात्यातील शिल्लक ठरावीक आकड्याखाली एक दिवसही जाऊ न देता सांभाळावी लागली होती, आणि त्या काळात त्याच्या वडिलांनी बागेतील मजुरीसाठी उसनवारी केली होती.

खाते ऑनलाइन उघडणे सोपे होते. खरी कसोटी जुलै २०२५ मध्ये आमच्या बँकेत लागली. युरोचा दर शंभरच्या थोडा वर होता, म्हणजे रक्कम बारा लाखांच्या घरात गेली. २०२५-२६ या आर्थिक वर्षात परदेशी पाठवलेल्या रकमेच्या पहिल्या दहा लाखांवर टीसीएस, म्हणजे रक्कम पाठवतानाच बँकेने आगाऊ वसूल करायचा कर, नव्हता; त्यापुढे स्वतःच्या पैशातून शिक्षणासाठी पाठवल्यास ५ टक्के, तर नातेवाइकांच्या निर्वाहासाठी पाठवल्यास २० टक्के दर होता. बँकेतील कर्मचाऱ्याने, ‘मुलीच्या राहण्याखाण्यासाठीच ना, काका?’ असे विचारून परदेशी पैसे पाठवण्याच्या ए-२ अर्जावर निर्वाहाचा उद्देश लिहिला. शिक्षणादरम्यानचा दैनंदिन खर्चही शिक्षणातच धरला जातो, हे मी प्रवेशपत्र पुढे करून समजावले, तेव्हा तो बदलला. दहा हजारांच्या आसपासचा टीसीएस तरीही कापला गेलाच. तो परत मिळतो. परंतु ज्याला एरवी कर भरावा लागत नाही, त्यानेही त्यासाठी विवरणपत्र भरून वाट पाहिली पाहिजे.

दुसरी चूक मात्र माझ्या लक्षात आली नाही. परदेशी बँकांचे शुल्क कोणी सोसायचे, या रकान्यात ‘दोघांनी’ असे भरले गेले होते; परिणामी वाटेतल्या बँकेने आपला वाटा कापून घेतला आणि खात्यात वीस-बावीस युरो कमी पोहोचले. तेवढ्यासाठी दाखला अडला. बावीस युरो पाठवण्यासाठी आम्ही जवळजवळ तितकेच शुल्क पुन्हा भरले आणि नऊ दिवस गमावले. सर्व शुल्क पाठवणाऱ्याकडे, असे स्पष्ट सांगावे आणि शिवाय शंभर युरो जास्तच पाठवावेत, हे मला आधी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते. मुंबईतील व्हिसाची भेट गणपतीच्या आदल्या आठवड्यात असल्यामुळे आमचे निभावले. जाताना मांडवी एक्स्प्रेसमध्ये जागा मिळाली, परतीचे तिकीट मात्र मिळाले नाही आणि लेक चतुर्थीला एसटीने उभ्याने घरी आली.

तिकडे गेल्यावरचा पहिला महिना सर्वांत अवघड गेला. हप्ता सुरू होण्यासाठी राहत्या पत्त्याची नगरपालिकेत नोंदणी आणि तेथील चालू खाते, दोन्ही लागले; नोंदणीची वेळ तिसऱ्या आठवड्यात मिळाली. दरम्यान खोलीची अनामत रक्कम देणे भाग होते. कायद्याने ती तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत असू शकते, म्हणजे एका हप्त्यात मावणारी नव्हे. लेकीने फोनवर ‘बाबा, पैसे माझेच आहेत, पण मला मिळत नाहीत’ असे सांगितले, ते शब्दशः खरे होते. काजूचे राखून ठेवलेले पैसे फॉरेक्स कार्डवर, म्हणजे परदेशी चलन आधीच भरलेल्या कार्डवर, दिले होते, म्हणून त्यावर तिचा महिना निघाला. त्यानंतर हप्ते ठरल्या दिवशी जमा होत आले आहेत. खाते चालवणाऱ्या संस्थेचे मासिक शुल्क मला अनावश्यक वाटते, कारण एवढी रक्कम त्यांच्याकडे पडून असताना आम्हांला व्याज काहीच मिळाले नाही.

नोकरदार पालकांना कदाचित हे खाते जाचक वाटेल. वर्षाचे पैसे एकदम मिळणाऱ्या बागायतदाराला एकरकमी भरणा तुलनेने सोपा जातो, मात्र दहा लाखांपुढच्या टीसीएससाठी आणि पहिल्या महिन्यासाठी वेगळी रक्कम बाजूला हवी. आता निवास-परवान्याच्या नूतनीकरणासाठी पुढील वर्षाच्या खर्चाची सोय पुन्हा दाखवायची आहे. लेकीला विद्यापीठात अर्धवेळ काम मिळाले आहे, त्यामुळे तिचा पगार किती धरला जाईल यावर खात्यात किती भरायचे ते ठरेल, आणि यंदाची शेवटची पट्टी अजून यायची आहे.