सावंतवाडीची गंजिफा: घेतली तर खेळायलाच घ्या, भिंतीवर लावायला नको

गोव्याला जाताना सावंतवाडीला थांबून गंजिफाचा सेट घेतला त्याला आता बरेच महिने झाले आणि भरपूर खेळून झाल्यावरच लिहायचं असं ठरवलं होतं, कारण नेटवर या गंजिफाबद्दल जे काही सापडतं ते सगळं "किती सुंदर कला" एवढ्यावरच संपतं. सुंदर आहेच हो, पण हा पत्त्यांचा खेळ आहे, आणि खेळ म्हणून कसा आहे हे कुणीच सांगत नाही.

आधी वस्तू काय आहे ते सांगते. दशावतारी गंजिफा म्हणजे १२० गोल पानं. आपल्या पत्त्यांत चार रंग, इथे दहा, प्रत्येक अवताराचा एक. प्रत्येक रंगात १२ पानं, राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. राजा म्हणजे खुद्द अवतार सिंहासनावर बसलेला, प्रधान घोड्यावर. बाकीच्या पानांवर त्या अवताराची खूण, मत्स्याला मासे, कूर्माला कासवं, परशुरामाला परशू, रामाला बाण, कल्कीला तलवारी, जितव्याचं पान तितक्या खुणा. आणि प्रत्येक रंगाच्या पानांची जमीन, म्हणजे चित्रामागचा पाया, वेगळ्या रंगाची, ती नुसती शोभेला नाहीये बरं का, हातात गड्डी आल्यावर पानं लावताना त्या जमिनीच्या रंगावरच तुम्ही तरता. सोबत लाकडी पेटी येते, सरकत्या झाकणाची, तिच्यावरही चित्रं.

माझा सेट राजवाड्यातला आहे. मोती तलावाच्या काठावरचा जांभ्या दगडाचा राजवाडा, तिकीट काढून आत जायचं, दरबार हॉलमध्ये कारागीर बसून रंगवत असतात ते समोर बसून बघता येतं आणि तिथेच विकत मिळतं. मी गेले तेव्हा एक ताई मत्स्याची दश्शी रंगवत होत्या. बारीक ब्रश, एकेका माशाला आधी पोट मग शेपटी मग डोळ्याचा ठिपका, पुढचा मासा, परत तेच. दहा मासे आणि एकही दुसऱ्यासारखा नाही, एकाची शेपटी जरा वर गेलेली, एकाचं तोंड जरा रुंद. घाई शून्य. एका पानाला एवढा वेळ आणि पानं १२०, तेव्हा किंमत काही हजारांत का जाते हे मला तिथे कुणी समजावून सांगायची गरजच पडली नाही.

मूळ पद्धतीत कापडावर किंवा कागदावर चिंचोक्याची खळ चढवून पान कडक करायचं, मग रंग, मग लाखेचा हात. पूर्वी राजेरजवाड्यांसाठी हस्तिदंताची आणि कासवाच्या पाठीची पण पानं करत, ती दरबारी, आणि साध्या लोकांसाठी कागदाची-कापडाची ती बाजारी. खेळ मूळचा इराणकडून आलेला, बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. मुघली गंजिफाला आठ रंग आणि ९६ पानं. आपल्याकडे त्याच खेळात दशावतार येऊन बसले, आणि दशावतार तर कोकणात रात्र रात्र जागून बघायची गोष्ट, त्यामुळे तो इथे रुजला यात नवल काय. सावंतवाडीचे राजे तिसरे खेम सावंत यांच्या दरबारात (१७५५ ते १८०३ अशी त्यांची कारकीर्द) तेलंगणाकडून आलेल्या विद्वानांबरोबर गंजिफा आली असं सांगतात.

मग ती जवळजवळ संपलीच होती. छापील पत्ते स्वस्त झाले, खेळणारे कमी, करणारे त्याहून कमी, आणि शेवटी पुंडलिक चितारी हे म्हातारे कारागीर तेवढे उरले होते. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी त्यांच्याकडून कला समजून घेतली, राणीसाहेब स्वतः शिकल्या, १९७० च्या दशकात राजवाड्यात काम उभं केलं, गावातल्या पोरापोरींना बसवून शिकवलं. आज आपण जे विकत घेतो ते त्यामुळे. सत्वशीलादेवी २०१८ मध्ये गेल्या, पण हॉलमध्ये काम चालू आहे हे बघून फार बरं वाटलं. आता गंजिफाला जीआय (भौगोलिक मानांकन) पण मिळालंय, सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांनाही.

आता खेळ. तीन जण लागतात, प्रत्येकाला ४० पानं. ४० गोल पानं एका हातात धरणं हीच पहिली परीक्षा, पंखा होतच नाही, मी आणि वहिनीने सरळ मांडीवर रंगाप्रमाणे छोट्या चळती लावल्या. गोल पानं आपल्यासारखी पिसता येत नाहीत, चादरीवर सगळी उपडी पसरून हाताने कालवायची आणि मग वाटायची. दिवसा खेळत असाल तर ज्याच्याकडे रामाचा राजा तो सुरुवात करतो, दिवेलागणीनंतर बसलात तर कृष्णाचा राजा. हे मला इतकं आवडलंय की आम्ही मुद्दाम संध्याकाळी उशिरा डाव टाकतो.

हुकूम नाही, कापणं नाही. त्याच रंगातलं मोठं पान हात जिंकतं, बस. पण गंमत अशी की पहिल्या पाच अवतारांत, म्हणजे मत्स्य ते वामन, राजा-प्रधानाखाली दश्शी मोठी आणि एक्का सगळ्यात लहान, आणि परशुरामापासून कल्कीपर्यंत बरोबर उलटं, एक्का मोठा आणि दश्शी तळाला. बाबांना मेंढीकोटाची आयुष्यभराची सवय, ते पहिल्या डावात रामाची दश्शी जोरात आपटून हात ओढायलाच निघाले होते. पण दुसऱ्या-तिसऱ्या डावापासून त्यांनी आम्हाला धुतलं, कारण हा सगळा खेळ लक्षात ठेवण्याचा आहे. राजा गेला की प्रधान मोठा, प्रधान गेला की त्याच्या खालचं, म्हणजे १२० पैकी काय काय पडलंय हे डोक्यात पाहिजे. नशिबाचा भाग कमी वाटतो, डोक्याचा जास्त. मोबाईल बाजूला ठेवून माझा भाऊ दीड तास एका जागी बसला, यावरून काय ते समजा.

म्हणूनच हा सेट फ्रेम करून भिंतीवर लावणाऱ्यांना माझी मनापासून विनंती आहे की फ्रेमसाठी सुटी चार पानं घ्या, पूर्ण सेट काचेत कोंडू नका. ओडिशात पुरीच्या बाजूला म्हातारी माणसं अजून पारावर बसून गंजपा (तिकडची गंजिफा) खेळतात, ती पण गोल पानंच. आपल्याकडे करणारे हात उरलेत, खेळणारे कुठे आहेत? पुढच्या पिढीतल्या कारागिराला कायम शोपीसच बनवत बसायला लागलं तर खुणा कशासाठी आहेत हेच हळूहळू विसरलं जाईल, आणि मग जमिनीचे रंगही कुणीतरी सोफ्याला मॅच होतील असे बदलायला लागेल.

राजवाड्यानंतर चितार आळीत पण गेले, तिथे लाकडी खेळण्यांची दुकानं. फळं अप्रतिम. एक आंबा घेतला त्याच्या देठाकडे हिरवा, पोटाला पिवळा आणि एका गालावर जरासा लाल, लांबून कुणीही फसेल. भातुकली, पाट, भोवरे, रुखवताचं सामान सगळं आहे. पूर्वी हे पांगाऱ्याच्या लाकडाचं करायचे, ते हलकं आणि मऊ. एका काकांना विचारलं तर म्हणाले, "ह्या आंब्याचा लाकूड, पांगारो आता खंय गावता?" सरळ खरं सांगितलं, मी तिथूनच भाचीसाठी भातुकली घेतली.

पण सगळे तसे नाहीत. एका दुकानात (नाव लिहीत नाही) मला छापील गंजिफा हाताने रंगवलेली म्हणून दाखवली. ओळखायचं कसं ते सांगते, कुठल्याही रंगाची दश्शी उचला आणि दहाही खुणा नीट बघा. हुबेहूब एकसारख्या असतील तर छापील. हाताच्या कामात प्रत्येक खूण केसभर वेगळी असते आणि पानावर तिरका उजेड पाडला की रंगाचा थर जाणवतो. छापील घ्यायला हरकत काहीच नाही, खेळायला उलट बरी, फक्त हाताने रंगवलेल्या सेटच्या भावाने देऊ नये. आणि हल्ली बऱ्याच ठिकाणी पुढच्या रांगेत प्लास्टिकची आणि बाहेरून आलेली खेळणी मांडलेली असतात, गावातलं काम हवं असेल तर तसं स्पष्ट विचारा, मग आतून काढून दाखवतात.

काही कामाच्या गोष्टी. सावंतवाडी रोड स्टेशन गावापासून लांब आहे, रिक्षाचं आधी ठरवून घ्या. पूर्ण दशावतारी सेट हवा असेल तर आधी फोन करून विचारा, हाताचं काम असल्यामुळे तयार असेलच असं नाही. पैसे कमी असतील तर ९६ पानांची मुघली किंवा नवग्रहांची १०८ पानांची आहे का तेही विचारून बघा, पण पहिल्यांदाच घेत असाल तर दशावतारीच घ्या, अवतार ओळखीचे असल्याने घरातल्या लहानमोठ्यांना पटकन जमतं. खेळताना चहा-भजी लांब ठेवा, तेलकट हात लागले तर लाखेवर डाग राहतो. पावसाळ्यात पेटी कपाटात वरच्या कप्प्यात ठेवा, आमच्याकडे ओल भरपूर असूनही अजून एकही पान वाकडं झालेलं नाही. पाचपैकी पाच, आणि तिसरा भिडू मिळत नसेल तर शेजाऱ्यांना बोलवा.