एलजीपीएल की एमपीएल २.०: बाहेरची लायब्ररी निवडताना

एमआयटी किंवा बीएसडी अशा मोकळ्या लायसन्सची लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) मिळत असेल तर प्रश्न मिटला. पेच पडतो तो सारख्याच तोलाच्या दोन लायब्ररी समोर असतात, एक एलजीपीएलची आणि एक एमपीएल २.० ची (दोन्ही ओपन सोर्स लायसन्स), आणि आपला कोड बंद, म्हणजे सोर्स न देता, ठेवायचा असतो तेव्हा. चालतात दोन्ही. लायब्ररीत केलेले बदलही दोन्हीकडे खुले करावे लागतात.

माझ्या मते निकाल लागतो तो लिंकिंगपाशी, म्हणजे लायब्ररी आपल्या कोडला कशी जोडली तिथे. सॉफ्टवेअर ज्याच्या हाती जाईल त्याला लायब्ररीची बदललेली आवृत्ती जोडून ते चालवता आलं पाहिजे, ही एलजीपीएलची अट. लायब्ररी डीएलएल किंवा डॉट एसओ अशी वेगळी फाइल म्हणून ठेवली (डायनॅमिक लिंकिंग) तर ती सहज पाळली जाते. स्टॅटिक लिंक केलंत, म्हणजे लायब्ररी आपल्याच प्रोग्रॅममध्ये मिसळली, की मात्र स्वतःच्या कोडच्या ऑब्जेक्ट फाइली (कंपाइल झालेले, अजून न जोडलेले तुकडे) द्यायची तयारी ठेवावी लागते, तीही प्रत्येक रिलीजची. त्यात लिंक-टाइम ऑप्टिमायझेशन (जोडण्याच्या वेळी कोड सुधारणं) चालू असेल तर त्या फाइलींत मशीन कोडऐवजी कंपायलरचं मधलं रूप असू शकतं. समोरच्याकडे जुळणारा कंपायलर नसेल तर रीलिंक होतच नाही. गो आणि रस्ट या भाषांत सगळं सहसा एकाच बायनरीत जातं, त्यामुळे तिथे हे दुखणं कायमचं. शिवाय लायब्ररीतल्या अशा बदलांच्या डीबगिंगपुरतं आपल्या प्रोग्रॅमचं रिव्हर्स इंजिनिअरिंग (तो उलगडून बघणं) करू द्यावं लागतं, आणि ग्राहक-कराराच्या तयार मसुद्यात नेमकी त्यालाच सरसकट बंदी असते. ते कलम आधी बघा.

एमपीएलची हद्द फाइलपुरती. त्यांची फाइल बदललीत तर ती खुली. तुम्ही नवी लिहिलेली फाइल तुमची. लिंक कसं केलं याला महत्त्व नाही. सी++ च्या टेम्प्लेट लायब्ररींत, जिथे सारा कोड हेडरमध्येच असतो, हे फार सोयीचं पडतं. आयगेन या गणिताच्या सी++ लायब्ररीनेही ३.१.१ पासून एलजीपीएल सोडून एमपीएल २.० घेतलं.

चूक होते ती कॉपी-पेस्टमध्ये: एमपीएलच्या फाइलीतलं एखादं फंक्शन उचलून आपल्या फाइलीत टाकलं, की ती अख्खी फाइल एमपीएलखाली येते. म्हणून लायब्ररी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, फाइलींच्या माथ्यावरची लायसन्सची नोंद काढू नका आणि सोर्स कुठे मिळेल ते ‘अबाउट’मध्ये लिहा. वापरलेल्या नेमक्या आवृत्तीचा सोर्स स्वतःकडेही जपा. मूळ लिंक कधी बंद पडेल सांगता येत नाही.

पुढेमागे जीपीएल या अधिक कडक लायसन्सच्या कोडशी मेळ घालायचा असेल तर एमपीएलच्या फाइलींत ‘इनकम्पॅटिबल विथ सेकंडरी लायसन्सेस’ ही नोंद शोधा. ती नसेल तर बहुधा अडचण येत नाही. उलट एलजीपीएल ३ ची लायब्ररी ‘फक्त जीपीएल २’ असलेल्या कोडसोबत वितरित करता येत नाही.

एलजीपीएलला पर्याय नाही अशाही जागा आहेत, उदाहरणार्थ ऑडिओ-व्हिडिओ हाताळणारं एफएफएमपेग. तिथे डायनॅमिक लिंकिंगच ठेवा आणि बिल्डच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘इनेबल-जीपीएल’ पर्याय चालू नाही ना ते तपासा. तो चालू असेल तर सगळं बिल्ड जीपीएलखाली जातं.