सशर्त संभाव्यता आणि लाखभर सोडती: आठ महिन्यांच्या वापरानंतर

सशर्त संभाव्यतेची, म्हणजे एखादी अट पाळली गेली आहे हे ठाऊक असताना दुसरी घटना घडण्याच्या संभाव्यतेची गणितं पायथन या प्रोग्रामिंग भाषेत सोडती काढून सोडवायला लागून आठ महिने झाले. रीत साधी आहे: प्रयोग लाखभर वेळा करायचा, अट पाळणारे तेवढे ठेवायचे, बाकीचे टाकायचे, आणि उरलेल्यांत हवी ती घटना किती वेळा घडली ते मोजायचं.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते फ्रेंच गणितज्ञ बर्ट्रांडच्या पेट्यांच्या कोड्याने. कोडं १८८९ सालचं. तीन पेट्या, एकीत दोन सोन्याची नाणी, दुसरीत दोन चांदीची, तिसरीत एकेक. न बघता एक पेटी निवडली, तिच्यातलं एक नाणं काढलं, ते सोन्याचं निघालं. दुसरंही सोन्याचं असण्याची संभाव्यता किती? माझ्या पहिल्या प्रोग्रामने ०.५ दिलं. मी अट लिहिली होती ‘पेटीत सोन्याचं नाणं आहे’. खरी अट होती ‘हातात आलेलं नाणं सोन्याचं आहे’. तेवढी ओळ बदलली आणि उत्तर ०.६६७ च्या आसपास आलं. मिश्र पेटीतून निम्म्या वेळा चांदी निघते आणि ते प्रयोग गाळले जातात, हे मला त्या दिवशी खरं उमगलं. सूत्रात ही चूक लपून राहते. इथे नेमकं काय टाकायचं ते लिहावंच लागतं, म्हणून ही रीत मला इतकी आवडते.

अट दुर्मिळ असली की मात्र दमछाक होते. पाच पत्ते काढले आणि पाचही एकाच प्रकारचे, म्हणजे सगळे बदाम किंवा सगळे किल्वर वगैरे निघाले, तर त्यांत एक्का असण्याची संभाव्यता किती? लाखात असे जेमतेम दोनशे डाव उरतात. एकदा ०.३५ येतं, एकदा ०.४२. कागदावर उत्तर दोन ओळींत मिळतं: ५/१३, म्हणजे ०.३८५. उपाय आहे, थेट एकाच प्रकारच्या १३ पत्त्यांतून सोडत काढायची, म्हणजे एकही डाव वाया जात नाही. पण हे सुचायला गणित आधी कळलेलं लागतं. शिवाय उत्तरातला हा चढउतार निम्मा करायला सोडती चौपट लागतात, हे विसरून चालत नाही.

एक बारीक गोष्ट: पायथनमध्ये सोडत काढायला ‘सॅम्पल’ आणि ‘चॉइसेस’ अशा दोन तयार आज्ञा आहेत; पत्त्यांसाठी ‘सॅम्पल’च वापरा. ‘चॉइसेस’ काढलेला पत्ता परत गड्डीत ठेवतं, त्यामुळे एकाच हातात बदामचा एक्का दोनदा येऊ शकतो.

आता मी आधी कागदावर उत्तर काढते, मग सोडती चालवते. दोन्ही जुळले नाहीत, तर पहिल्यांदा अटीची ओळ तपासते.