१६ जीबी दिसतात, पण पट्टी एकच!

इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या एका घरचा डेस्कटॉप. आय५-१०४०० प्रोसेसर, बी४६० मदरबोर्ड, रॅमचे (मशीनच्या तात्पुरत्या मेमरीचे) चार स्लॉट, त्यांत रॅमच्या ४ जीबीच्या दोन डीडीआर४ पट्ट्या. टॅली आणि ब्राउझर एकदम उघडले की मशीन रेंगाळायचं, म्हणून ८-८ जीबीच्या, ३२०० वेगाच्या दोन नव्या पट्ट्या बसवायला दुकानात दिलं. संध्याकाळी मशीन परत आलं, विंडोजमध्ये १६ जीबी दिसले, पैसे देऊन मोकळे.

पुढे साफसफाईसाठी झाकण उघडलं तर आत पट्टी एकच, १६ जीबीची, प्रोसेसरच्या अगदी जवळच्या स्लॉटात. जुन्या दोन्ही गायब. "भिया, पुरानी इसके साथ नहीं चलेगी," म्हणत दुकानदाराने त्या ठेवून घेतल्या होत्या. नव्या पट्टीवर स्टिकर ३२०० चा, पण मशीनमधल्या भागांची माहिती दाखवणाऱ्या सीपीयू-झेड या प्रोग्रॅमच्या एसपीडी (पट्टीवरच्या चिपमधली तिची स्वतःची नोंद) टॅबवर पार्ट नंबर भलताच, वेग २६६६ चा आणि उत्पादनाचं वर्ष २०१८. वापरलेली पट्टी नवं स्टिकर लावून गळ्यात मारली, दुसरं काय!

जुनी रॅम चालत नाही हे बहुतेक वेळा खोटं असतं. डीडीआर४ बरोबर डीडीआर४ सहसा चालते, फक्त सगळ्या पट्ट्या सर्वांत संथ पट्टीच्या वेगाने धावतात. इथे प्रोसेसर आणि रॅममधल्या डेटाच्या दोन वाटा, म्हणजे चॅनेल, आहेत; प्रत्येक चॅनेलला एक ४ आणि एक ८ अशी मांडणी केली असती तर घरात २४ जीबी झाले असते. आणि ३२०० चे जास्तीचे पैसे तर तसेही वायाच होते, कारण आय५-१०४०० बी४६० वर २६६६ च्या पुढे रॅम चालवत नाही. हे दुकानदाराला ठाऊक नसेल, असं मानणं भाबडेपणाचं.

एका पट्टीने बिघडतं काय? प्रत्येक चॅनेलची वाट ६४ बिटची. २६६६ ला एका चॅनेलमधून सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे २१ जीबी डेटा जातो, दोन्ही भरले की ४२. ज्या मशीनमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही तिथे पडद्याचं कामही याच वाटेने चालतं, म्हणून फरक डोळ्यांना दिसतो. दोन पट्ट्या असल्या तरी पहिल्या दोन किंवा शेवटच्या दोन स्लॉटांत शेजारी-शेजारी खोचल्या तर त्या बहुधा एकाच चॅनेलवर जातात आणि हीच गत होते. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा, म्हणजे ए२ आणि बी२, हीच दोन पट्ट्यांची जागा. तरी बोर्डाचं मॅन्युअल बघावंच. खाच जुळवून दोन्ही टोकांना 'टक' आवाज येईपर्यंत दाबायची. काही बोर्डांवर खिट्टी एकाच टोकाला असते, तिथे दुसरं टोक अर्धवट राहतं.

मशीन दुकानात देण्याआधी कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधल्या परफॉर्मन्स टॅबवर मेमरी उघडा. वेग आणि किती स्लॉट भरलेत ते तिथे दिसतं. त्याचा फोटो काढा. सीपीयू-झेडमधून प्रत्येक स्लॉटचा पार्ट नंबर आणि सीरियल नंबर उतरवून घ्या. स्टिकर बदलता येतं. एसपीडीसुद्धा बदलता येते, पण तेवढी मेहनत कोणी क्वचितच घेतं. काम झालं की दुकानातच दोन्ही पुन्हा बघा. तिथे एक गोंधळ होतो: सीपीयू-झेडच्या मेमरी टॅबवर ३२०० ची रॅम १६०० दिसते. ती फसवणूक नाही, डीडीआरमध्ये खरी वारंवारता निम्मीच असते.

सर्व्हरमधून काढलेल्या रजिस्टर्ड पट्ट्याही स्वस्तात खपवल्या जातात. त्या साध्या डेस्कटॉपवर चालतच नाहीत. लेबलवर 'पीसी४-३२००एए-यूए२' असं काही लिहिलेलं असतं. वेगानंतरच्या डॅशपुढे 'यू' असेल तर डेस्कटॉपची, 'आर' असेल तर सर्व्हरची, 'एस' म्हणजे लॅपटॉपची.

पट्टी बदलल्यावर पडदा काळा राहिला की "बोर्ड उड़ गया" ही बतावणी ठरलेली. डीडीआर५ च्या मशीनला पहिल्यांदा चालू होताना मिनिटभर किंवा जास्तही लागतं, तेवढा दम धरा. जुन्या मशीनमध्ये बहुधा सोनेरी दातांवर मळ साचलेला असतो. प्लग काढा, पट्टी बाहेर घ्या, दात शिसपेन्सिलच्या खोडरबराने हलके पुसा, भुगा झटका, आणि एकेक पट्टी लावून बघा. बोर्डाच्या दुरुस्तीचा खर्च त्यानंतर ऐकून घ्यायचा.

बिलावर पट्ट्यांची संख्या, प्रत्येकीचा पार्ट नंबर आणि सीरियल नंबर हवा. राजेंद्रनगरच्या या घरी कच्ची चिठ्ठी होती आणि तिच्यावर नुसतं 'रॅम १६ जीबी'. दुकानदार म्हणाला, १६ दिलेत की. जुन्या पट्ट्या तर त्याने पाहिल्याच नव्हत्या म्हणे. आता १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, सोबत एसपीडीच्या पानाचा आणि पट्टीच्या स्टिकरचा फोटो ठेवला आहे. जुन्या ४-४ च्या सीरियल नंबरांचा मात्र कुठेच पुरावा नाही.