कोंबडीच्या पेशींसाठी ३ लिटरचा बायोरिॲक्टर: १४ महिने वापरल्यानंतर

बायोरिॲक्टर म्हणजे पेशी वाढवायचं यंत्र: एक भांडं (व्हेसल), त्यात ढवळणारी मोटर, आणि तापमान-हवा सांभाळणारा कंट्रोलर. पहिल्या कंपनीचा माणूस त्याचा डेमो द्यायला आला तेव्हा त्याने व्हेसलमध्ये पाणी भरून मोटर थेट १२०० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला १२०० फेऱ्यांवर नेली. पाण्यात भोवरा झाला, टेबल थरथरलं. तो खुशीत म्हणाला, "मॅडम, अजून वर जातं हे." मी म्हटलं, "वर नको, खाली किती येतं ते दाखवा. ३० वर लावा." त्याने ३० लावले आणि मोटर अडखळायला लागली. थोडी फिरायची, थबकायची, मग एकदम हिसका द्यायची. ते यंत्र आम्ही घेतलं नाही.

जे घेतलं ते दुसऱ्या कंपनीचं, ३ लिटरच्या काचेच्या व्हेसलचं, आणि हे परीक्षण त्याचं आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण खाली एक मोठी तक्रार आहे. शिवाय टेबलावर मावणारी बरीचशी यंत्रं याच घडणीची असतात, त्यामुळे जे प्रश्न आम्हाला पडले ते कुठलंही यंत्र घेताना विचारावे लागतीलच.

आमची प्रयोगशाळा गोरेगावात आहे, लहान आहे, आणि काम कोंबड्यांच्या लसींचं आहे. सध्या गंबोरोवर चालू आहे. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातल्या गंबोरो गावाजवळ हा रोग पहिल्यांदा दिसला आणि १९६२ साली त्याची नोंद झाली, म्हणून हे नाव. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना तो गाठतो आणि त्यांची प्रतिकारशक्ती घडवणारी बर्सा नावाची ग्रंथीच खाऊन टाकतो. जी पिल्लं वाचतात त्यांना पुढे बाकीच्या लसीही नीट लागत नाहीत. माझ्या धाकट्या भावाची खेडला ब्रॉयलरची शेड आहे. "ताई, पिल्लं पिसं फुलवून कोपऱ्यात बसलीत," असा त्याचा फोन आला की माझ्या पोटात गोळा येतो. हे काम माझ्यासाठी कागदावरचं नाही.

हा विषाणू वाढवायला पक्ष्यांच्या पेशी लागतात. पूर्वी आम्ही दर आठवड्याला रोगमुक्त कळपाची फलित अंडी मागवायचो. दहाव्या दिवशी भ्रूण काढायचा, बारीक चिरायचा, ट्रिप्सिन या विकराने पेशी सुट्या करायच्या, गाळायच्या, मोजायच्या आणि आडव्या ठेवून सावकाश फिरवायच्या रोलर बाटल्यांत भरायच्या. प्रत्येक खेपेची अंडी वेगळी, त्यामुळे पेशीही वेगळ्या. अंड्यांचा टेम्पो घाटात अडकला की आठवडा वाया. आता आम्ही डीएफ-१ वापरतो. ही कोंबडीच्या भ्रूणापासून मिळालेली, आपोआप अमर झालेली, म्हणजे न थांबता विभागत राहणारी पेशीरेषा आहे. अंडी लागत नाहीत, द्रव नायट्रोजनमधली एक कुपी वितळवली की झालं.

पण या पेशींना चिकटायला पृष्ठभाग लागतो, नुसत्या द्रवात त्या तरंगत वाढत नाहीत. म्हणून मीडियात, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवात, मायक्रोकॅरिअर टाकायचे. हे डेक्स्ट्रानचे गोल मणी, व्यास साधारण १९० मायक्रॉन. हिशोब सांगते, कारण तो कळल्यावरच आमच्या खरेदी समितीने सही केली. सायटोडेक्स-१ या आमच्या मण्यांच्या एका ग्रॅममध्ये ४,४०० चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग असतो. लिटरला ३ ग्रॅमप्रमाणे २ लिटरला ६ ग्रॅम, म्हणजे २६,४०० चौरस सेंटिमीटर. एक रोलर बाटली ८५० चौरस सेंटिमीटरची. म्हणजे ३१ बाटल्यांचं काम टेबलावरच्या एका भांड्यात. ३१ बाटल्यांची झाकणं निर्जंतुक हवेच्या हुडखाली एकेक करून उघडलेल्या माणसालाच या आकड्याची किंमत कळेल.

परळला हाफकिन संस्थेपाशी गेले की मला नेहमी शास्त्रज्ञ हाफकिनची आठवण होते. १८९७ च्या जानेवारीत त्याने प्लेगची लस मुंबईत आधी स्वतःला टोचून घेतली. ती लस बनवताना तो रश्शाच्या फ्लास्कमध्ये वर तुपाचे थेंब सोडायचा. प्लेगचे जंतू त्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढायचे, मग फ्लास्क हलवून ते खाली पाडायचे आणि पुन्हा नवे वाढू द्यायचे. जिवाला धरायला काहीतरी द्या, तो वाढतो. आमचे मणी म्हणजे त्या तुपाच्या थेंबांचेच नातेवाईक, असं मला मनापासून वाटतं.

फरक इतकाच की जंतूंना टणक भिंत असते, प्राण्यांच्या पेशीला फक्त पातळ पापुद्रा. ही यंत्रं मुळात जंतू आणि यीस्टच्या फर्मेंटरवरून आलेली, त्यामुळे ब्रोशरमध्ये सगळा जोर कमाल आकड्यांवर: कमाल आरपीएम, कमाल हवा. आम्हाला गरज किमान आकड्यांची. मणी तळाशी बसू नयेत इतकं ढवळायचं, आणि मण्यावर मणी आपटून पेशी खरवडल्या जाऊ नयेत इतकंच. आमचं जमलेलं माप ३५ ते ४५ आरपीएम. इथे या यंत्राला पैकीच्या पैकी. घाण्याच्या बैलासारखं एका लयीत चालतं, २५ वरसुद्धा. इंपेलर, म्हणजे ढवळणारा पंखा, तिरप्या पात्यांचा आहे, मण्यांना खालून अलगद उचलतो. दांडा वरून चुंबकाने फिरतो, सील नाही, त्यामुळे गळतीची भानगड नाही.

पेशी सोडल्यावर पहिले चार तास मात्र सतत ढवळायचं नसतं. दोन मिनिटं फिरवायचं, अर्धा तास शांत ठेवायचं, म्हणजे पेशींना मण्यावर बसायला अवसर मिळतो. या यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय नव्हती. पहिले तीन महिने मी मोबाइलवर गजर लावून हाताने चालू-बंद करत बसले. नंतर अपडेट आलं. तुम्ही घेत असाल तर हे आधीच विचारा.

तापमानाबद्दल थोडक्यात: डीएफ-१ ला ३९ अंश लागतात, कारण कोंबडीचं अंगच आपल्यापेक्षा गरम, ४१ च्या आसपास. पट्ट्याचा हीटर सुरुवातीला दीड अंश पुढे जायचा, ट्यूनिंग केल्यावर सुधारला. आता दशांशाचा फरक दिसतो, तेवढा चालतो.

हवेचं बघा. बुडबुडे सोडले की फेस होतो, फेसाबरोबर मणी वर चढतात आणि बुडबुडा फुटताना जवळच्या पेशीही फुटतात. आम्ही स्पार्जर, म्हणजे द्रवात बुडबुडे सोडणारी नळी, जवळजवळ वापरत नाही, द्रवाच्या वरच्या पोकळीतूनच ऑक्सिजन देतो. दोन लिटरला ते पुरतं. पण त्यासाठी गॅसची धार अगदी बारीक हवी, आणि यासोबत आलेला फ्लोमीटर खालच्या टोकाला बेभरवशाचा निघाला. आम्ही वेगळा घेतला. पुन्हा तेच, कमाल आकडा झकास आणि किमान आकड्याकडे कोणी पाहिलेलं नाही.

काचेबद्दल शोध आमच्या मामांनी लावला. मामा आमच्याकडे काचसामान धुतात, बावीस वर्षं तेच काम. पहिल्या बॅचनंतर व्हेसल धुवायला नेलं आणि तसंच परत घेऊन आले. "ताई, भांड्याला रवा चिकटलाय बघा." द्रवाच्या पातळीला गोल पांढरी कड होती. काचेला चिकटून सुकलेले मणी, प्रत्येकावर आमच्या पेशी. काचेला आतून सिलिकॉनचा लेप द्यायचा हे मला माहीत होतं, पण नवं व्हेसल लेप देऊनच येत असेल असं मी गृहीत धरलं होतं. तसं येत नाही. आता दर चार बॅचनंतर लेप देतो आणि मामा उजेडात धरून कड तपासतात. त्यांनी होकाराची मान हलवल्याशिवाय व्हेसल ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायला, जात नाही.

आता तक्रार. १२ ऑक्टोबर २०२० ला अख्ख्या मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, तेव्हापासून आमच्याकडे यूपीएस आहे. त्यामुळे मी निश्चिंत होते. गेल्या जुलैत धो धो पावसाच्या रात्री वीज गेली, यूपीएसने भार घेताना क्षणभर झटका बसला आणि यंत्राचा कंट्रोलर बंद होऊन पुन्हा सुरू झाला. हीटर सुरू झाला, पडदा सुरू झाला, मोटर मात्र कोणीतरी 'स्टार्ट' दाबण्याची वाट पाहत थांबून राहिली. सकाळी ट्रेनचा गोंधळ, मी पोहोचले साडेनऊला. व्हेसलमध्ये वरचा मीडिया छान गुलाबी आणि तळाशी बोटभर पिवळा थर. सगळे मणी खाली बसलेले, आणि त्या ढिगात पेशी ऑक्सिजनविना गुदमरून स्वतःच्याच आम्लात पडलेल्या. थेंबभर काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. आदल्या संध्याकाळी प्रत्येक मणी पेशींच्या चादरीत गुंडाळलेला होता. आता मणी उघडे, आणि पेशींचे लगदे ट्रिपॅन ब्लूने, म्हणजे फक्त मेलेल्या पेशींना चढणाऱ्या रंगाने, निळेशार. चौथा दिवस होता, संध्याकाळी विषाणू सोडायचा होता. मी बराच वेळ तशीच बसून राहिले.

वीज परत आल्यावर मोटर आपोआप सुरू करायची की नाही, हे सेटिंग यंत्रात होतं. कारखान्यातून ते 'नाही'वर येतं. आणि ते बदलायचा पासवर्ड ग्राहकाला देत नाहीत. अठरा लाखांच्या यंत्रावर हे मला अजिबात मान्य नाही. ठाण्याहून सर्व्हिसचा मुलगा तिसऱ्या दिवशी आला, गुडघाभर भिजून. त्याची काही चूक नव्हती. त्याने सेटिंग बदललं, मोटर बंद पडली तर मोबाइलवर संदेश येईल अशी सोय करून दिली, आणि म्हणाला, "मॅडम, हे इन्स्टॉलेशनलाच विचारायला पाहिजे होतं आम्ही." त्याच्या वरिष्ठांनी एवढं एक वाक्य लेखी दिलं असतं तर बरं झालं असतं.

त्यानंतर अकरा बॅच झाल्या, एकही वाया गेली नाही. मिलीलिटरला २० लाखांच्या आसपास पेशी मिळतात.

बदकाच्या पेशींवर काम करणाऱ्यांनाही सांगते. ईबी६६ किंवा एजीई१.सीआर सारख्या बदकाच्या पेशीरेषा मण्यांशिवाय द्रवात तरंगत वाढतात. ईबी६६ मध्ये बनवलेल्या एच५एन१ फ्लूच्या लसीला जपानने २०१४ मध्ये परवानगीही दिली. तुमच्याकडे अशी रेषा असेल तर मण्यांची, लेपाची, रव्याच्या कडेची कटकटच नाही. प्लुरोनिक (बुडबुड्यांपासून पेशींना जपणारं रसायन) घालून थोडे बुडबुडेही सोसतील, आणि हे यंत्र तुम्हाला आमच्याहून सोपं जाईल. जंतू वाढवायचे असतील तर याच पैशांत जास्त ताकदीची यंत्रं मिळतात, हे घेऊ नका.

आम्ही दुसरं व्हेसल याच कंपनीकडून मागवलं आहे. या वेळी ऑर्डरच्या खाली मी तीन ओळी घातल्या: सिलिकॉनचा लेप देऊन पाठवणे. सेटिंगचा पासवर्ड ग्राहकाकडे. आणि मणी घातलेल्या २ लिटर पाण्यासह २५ आरपीएमवर एक तास चालवून दाखवल्यावर उरलेले पैसे.